बिनमतांची काउन्सिलर

मुख्याध्यापकांना तो फोन आला तेव्हा मी त्यांच्या समोरच बसले होते. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोनच्या लाइनवर फोडता येणार नाही. लाइन स्वच्छ होती. येत्या मंगळवारपासून तुमच्या शाळेत काउन्सिलर येणार, असं पलीकडून कुणीतरी सांगत होतं. सर खुर्चीतून अर्धे उठले, "हो हो, अवश्य, आमचं भाग्य" म्हणाले आणि फोन ठेवल्याबरोबर त्यांनी शिपायाला शाल आणायला पिटाळलं.

आमच्या बदलापूरला नगरपरिषद आहे. परिषद म्हणजे काउन्सिल, म्हणून जुनी माणसं नगरसेवकाला काउन्सिलरच म्हणतात. त्यातून तेव्हा नगरपरिषदेची निवडणूक इतकी वर्षं रखडली होती की नगरसेवक म्हणजे काय ते मुलांना चित्र काढून दाखवावं लागलं असतं. कारभार प्रशासक बघत होते. अशा दिवसांत एखादा काउन्सिलर शाळेत येतो म्हणतोय, तेही दर मंगळवारी, म्हणजे निवडणूक जवळ आली, असा सरांनी अर्थ लावला. तर्क म्हणून त्यात काही खोट नव्हती.

स्वागताचा फ्लेक्स उल्हासनगरला छापायला दिला. आमच्या भागातले सगळे माननीय तिथेच छापले जातात. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, काउन्सिलर का फोटो भेजो," छापखान्याचा मालक म्हणाला.

"फोटो नाय आपल्याकडे."

"अच्छा, नाम?"

"नाम पण नाय सांगितलं त्यांनी."

"साईं, बिना नाम, बिना फोटो का काउन्सिलर मैंने आज तक नहीं छापा. पर चलो, छाप देता हूँ."

आणि त्याने छापला. 'माननीय काउन्सिलर यांचे सहर्ष स्वागत', आणि जिथे चेहरा असतो त्या गोल चौकटीत त्याने स्वतःच्या मनाने एक गुलाबाचं फूल टाकलं होतं. इतका निर्मळ फ्लेक्स आमच्या गावात त्याआधी लागला नव्हता आणि नंतरही लागलेला नाही.

मंगळवारी लेझीमचं पथक फाटकाशी उभं केलं. शेअर रिक्षातून एक तिशीच्या आतली मुलगी उतरली. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. आमचे खेळाचे सर तिला म्हणाले, "ताई, जरा बाजूला उभ्या राहा. पाहुणे यायचेत." ती निमूटपणे बाजूला झाली आणि मुलांची लेझीम बघत उन्हात उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने मला हळूच विचारलं, "मॅडम, कोण येणार आहे?"

"काउन्सिलर."

"अहो, मग मीच की ती."

सगळा उलगडा व्हायला ऑफिसात जावं लागलं. सरकारी योजना होती. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेली समुपदेशक आठवड्यातून एक दिवस आमच्या शाळेत बसणार होती. सरांनी हे शांतपणे ऐकून घेतलं, मग तिला शाल पांघरली, नारळ दिला आणि हारही घातला. "आणलाय तर घालायलाच हवा," ते म्हणाले. माझ्या मनात सरांविषयी थोडा आदर निर्माण झाला तो त्या क्षणी.

योजनेविषयी मात्र झाला नाही. मी या शाळेत मराठी शिकवते आणि पुष्कळ योजना पाहून बसले आहे. नळाला पाणी नसताना साजरे झालेले हात धुवा दिवस मी पाहिले आहेत. शिवाय 'समुपदेशन' हा शब्द आमच्याकडे आधीच बदनाम होता. 'याचं जरा समुपदेशन करा' म्हणजे स्टाफरूममध्ये नेऊन कान पिळा, असाच त्याचा अर्थ वर्षानुवर्षं चालत आलेला. त्यामुळे आपोआप सगळे तिला काउन्सिलर म्हणू लागले. तिला नकाशे ठेवायची खोली मिळाली. मुलांनी त्या खोलीला पहिल्याच आठवड्यात 'मेंटल रूम' असं नाव ठेवलं आणि तिच्यासमोरून पळत जायची पद्धत सुरू झाली. एकही मूल आत गेलं नाही.

गेले ते पालक.

शाळेत काउन्सिलर येतात ही बातमी फ्लेक्सने केव्हाच गावभर केली होती. पहिले आले ते हेंद्रेपाड्यातले एक गृहस्थ, सोसायटीचे सेक्रेटरी, गटाराची तक्रार घेऊन. ती त्यांना म्हणाली, "काका, मी ती काउन्सिलर नाही." आमच्याकडे निवडून आलेला प्रत्येक जण 'मी साधा कार्यकर्ता' असं म्हणूनच सुरुवात करतो. त्यामुळे हाही विनयच, असं धरून काका बोलत राहिले. तिने थांबवलं नाही. शेवटी तिने विचारलं, "आणि ते गटार तुंबलं की तुम्हाला कसं वाटतं?"

काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मला म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं अर्ज करतोय. मला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं हो."

मग ओघ लागला. रस्ते, कचरा, कुत्री, वरच्या मजल्यावरची गळती. सुरुवात गटाराने व्हायची, आणि थोड्या वेळाने कुणाचा तरी मुलगा दार लावून बसतो, कुणाची मुलगी जेवत नाही, असं काहीतरी निघायचं. मुलं आली ती अशी, आईबापांच्या मागून. मी एकदा तिला म्हटलं, "तुमच्या कामाची पाटी लावू या का दाराला? घोळ तरी संपेल."

"नको हो मॅडम," ती हसून म्हणाली. "पाटी नाही म्हणून तर येतायत."

माझ्या नववीच्या वर्गात बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची मुलगी होती. तिचे निबंध मी दुसऱ्या वर्गात वाचून दाखवायची. चाचणी परीक्षेत ती एकाएकी उठली आणि वर्गाबाहेर धावली. जिन्यात बसलेली सापडली तेव्हा हात बर्फासारखे, छातीत धडधड, तोंडून शब्द फुटेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही नाही, अशक्तपणा आहे. पुढच्या खेपेला एसटीत तसंच झालं. मग पाणी आणायला गेली असताना झालं. पाड्यावर म्हणू लागले, हिला काहीतरी लागलंय. बापाने ठरवलं, नववी पुरी करू दे, मग घरी. बाप वाईट नव्हता. भातशेती करून उरलेल्या दिवसांत बांधकामावर जाणारा माणूस, लेकीला हौसेने शाळेत धाडलेलं. पण आता तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा सुचतं ते दार लावून घ्यायचंच.

एका मंगळवारी तिची आई आली. एकटीने आत जायला तयार होईना, म्हणून मला सोबत घेतलं. बसल्या बसल्या तिने सुरू केलं.

"बाय, धरण आमच्या उशाला हाय. सगल्या शहरांना पानी जातं. आमच्या पाड्यावर नल नाय."

खरं तर तिचा पाडा नगरपरिषदेच्या हद्दीतही नव्हता. काउन्सिलर म्हणाली, "ताई, मी पाण्याचं काम करत नाही."

"असू दे. तू आयक."

तिने ऐकलं. विहीर किती खोल गेली, टँकर कधी येतो, कधी येत नाही. मग विचारलं, "पाणी कोण आणतं घरात?"

"पोरगी आणायची. आता तिला एकलीला नाय धाडत."

"का बरं?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून सगळं बोलली. वारं, भगत, बापाचा निर्णय, सगळं. काउन्सिलरने कपाळाला आठी घातली नाही की उपदेश केला नाही. ती इतकंच म्हणाली, "हे पुष्कळ मुलांना होतं. याला नाव आहे, आणि हे बरं होतं. तिला माझ्याकडे पाठवाल?"

या कामाला काहीतरी अर्थ असावा अशी शंका मला त्या दिवशी पहिल्यांदा आली.

मुलगी दर मंगळवारी जाऊ लागली. आत काय चालायचं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. तिने आपणहोऊन सांगितलं तेवढंच मला ठाऊक. धडधड सुरू झाली की पळायचं नाही. पाय जमिनीला टेकवायचे. समोर काय काय दिसतंय ते मनात म्हणायचं, मग काय ऐकू येतंय ते. श्वास सोडायचा तो घ्यायच्या श्वासापेक्षा सावकाश. "ते येतं न् जातं, बाई," ती म्हणाली. "मी तिथंच बसायचं." सहामाहीला ती दोनदा थांबली, पण वर्गातून उठली नाही. बापाने मे महिन्यात शाळा सोडवायचा विषय काढणं बंद केलं. हो म्हणाला नव्हता, पण नाहीही म्हणेना.

आणि मग परिपत्रक आलं. त्यात 'सेवांचे सुदृढीकरण' असे शब्द होते. परिपत्रकात सुदृढीकरण दिसलं की काहीतरी बंद होणार, हे आता मी विषय न वाचताही ओळखते. यापुढे समुपदेशक शाळांत बसणार नव्हते. उल्हासनगरला एक एकत्रित केंद्र होणार होतं, अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांनी तिथे जायचं होतं. शाळांना एक हेल्पलाइन, एक पोस्टर आणि प्रत्येकी एक 'मनमित्र' शिक्षक मिळणार होता. मनमित्र म्हणून माझी निवड झाली. अंबरनाथला प्रशिक्षण होतं. अर्ध्या दिवसात मी मुलांची मनं ओळखायला शिकले आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात घरी येऊन झोपले. मला एक बिल्लाही मिळाला. त्यावर हसरा चेहरा होता. तो माझा नव्हता.

पाड्यावर फोनला रेंज नाही. असलेला एक मोबाइल दिवसभर बापाच्या खिशात कामावर जातो. आणि उल्हासनगर म्हणजे आधी एसटी, मग गाडी, मग रिक्षा. मुलीचा दिवस बुडणार, आईचा बुडणार. तरी हे सगळं आईने कसंही निभावलं असतं. बापाचं म्हणणं वेगळंच होतं. तो शाळेत येऊन मला सांगून गेला.

"बाई, शालेत काउन्सिलरकडं जाते तवर ठीक हाय, लोक काय बोलत नाय. केंद्रात न्यायची म्हंजे येडी म्हनून शिक्का. मग केंद्र बी नको न् शाला बी नको."

म्हणजे ती बाई मंगळवारी शाळेत असली तर मुलगी दहावीत जाणार, नसली तर नाही. इतकं सरळ होतं.

नव्या व्यवस्थेबद्दल पालकांचं 'उद्बोधन' करायला एक अधिकारी येणार होते. अशा सभेला नेहमी जितके पालक येतात तितक्या खुर्च्या मांडल्या होत्या. पण गावात वेगळीच कुणकुण पसरली होती, आपला काउन्सिलर काढून नेतायत म्हणून. सभागृह भरलं, व्हरांडा भरला, खिडक्यांतून डोकी दिसायला लागली. साहेबांना वाटलं विषयच महत्त्वाचा आहे. ते उत्साहाने बोलले. मनाचं आरोग्य हेच खरं आरोग्य, वगैरे. पडद्यावर कमळं उमलली, सूर्य उगवला, एक कबुतर उडालं. मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या काही शंका?"

हेंद्रेपाड्याचे काका उठले. "साहेब, काउन्सिलर असा ऑर्डर काढून बदलता येतो काय?"

"म्हणजे? समुपदेशक ना? हो, तो प्रशासकीय निर्णय आहे."

"प्रशासक आम्ही किती वर्षं बघतोय. काउन्सिलर बदलायचा तर इलेक्शन लागतं ना?"

"अहो, त्या काउन्सिलर वेगळ्या, या वेगळ्या."

"वेगळ्या आहेत हे आम्हाला मान्य आहे," मागून एक बाई ओरडल्या. "ह्या येतात तरी!"

हशा पिकला. साहेबही हसले, आणि तिथे त्यांचं जरा चुकलंच.

"हसू नका साहेब, सीरियसली बोलतोय," दुसरा एक जण म्हणाला. "माझा पोरगा दोन महिने स्कूल में नहीं आ रहा था. अभी आता है. तुमच्या पोस्टरमुळे नाही."

"मग घ्या ना इलेक्शन, आत्ताच," काका म्हणाले. "काउन्सिलर मंगळवारी इथेच बसाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सभागृहातले हात वर गेले. व्हरांड्यातले गेले. खिडकीतल्यांचा एक एक हात गजाला धरलेला होता, त्यांनी दुसरा वर केला. काउन्सिलर मागच्या भिंतीशी उभी होती, लालबुंद, जमिनीकडे बघत. साहेब म्हणाले, "हे बघा, याला कायदेशीर आधार नाही."

तेव्हा आमचे मुख्याध्यापक उठले. हा माणूस आयुष्यभर साहेबांच्या खुर्चीमागे उभा राहिलेला. मला वाटलं, आता आभार मानतील आणि चहा सांगतील. ते म्हणाले, "साहेब, आमच्या शाळेने त्यांचा शाल घालून सत्कार केलेला आहे. सत्कार केलेल्या माणसाला असं परत पाठवता येत नाही." आणि हात वर करून उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

टाळ्या ओसरल्यावर पाड्यावरची आई उठली. तिला माइक दिला, तर तिने तो बाजूला सारला.

"साहेब, मी पान्यासाठी आली होती. पानी नाय मिललं. पन माजी पोर मिलली मला. आता तुमी म्हनता उल्हासनगरला चला. ती नाय येनार. तिचा बाप नाय धाडनार. ती घरात बसंल. एवडंच सांगायचं हाय."

आणि ती बसली.

साहेबांनी आपले कागद गोळा केले. माझा अनुभव असा की अशा वेळी अधिकारी 'वरिष्ठांना कळवतो' म्हणतात आणि गाडीत बसतात. हे साहेब तसं म्हणाले खरे, पण गाडीत बसायच्या आधी त्यांनी नकाशांची खोली कुठे आहे ते विचारलं. आत जाऊन खुर्चीवर बसून पाहिलं. काउन्सिलरशी दार लावून बोलले. बाहेर आले तेव्हा मला म्हणाले, "खोलीला पंखा नाही तुमच्या." मग मात्र मला आशा वाटू लागली. जो माणूस पंख्याबद्दल बोलतो त्याने खोली बंद करायचं मनात ठेवलेलं नसतं.

सभेनंतर मी मुलीच्या आईला फाटकाशी गाठलं. म्हटलं, "बाई, ती नगरसेवक नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तवाच की," ती म्हणाली. "पैल्याच दिशी बोलली ना ती, मी पान्याची नाय."

"मग तरी सगळं सांगत बसलात?"

"पान्यावाल्यांनी कंदी आयकून घेतलं काय?" ती मलाच वेडी ठरवून एसटी पकडायला निघून गेली.

महिना गेला आणि दुसरं परिपत्रक आलं. त्यातही सुदृढीकरण होतं. त्या शब्दाचा दोनदा दोन उलट अर्थांनी उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. उल्हासनगरचं केंद्र राहणार होतं, ज्यांना डॉक्टरांची गरज आहे त्यांच्यासाठी. समुपदेशक मात्र शाळांतच बसणार होते, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडच्या शाळांत. आमच्याकडे मंगळवारच्या जोडीला शुक्रवारही आला. पत्रात या कल्पनेचं श्रेय कुठल्याशा आढावा समितीला दिलं होतं. देऊ देत. काका मात्र हेंद्रेपाड्यात ज्याला त्याला सांगत होते की या भागात इतक्या वर्षांत झालेली एकमेव निवडणूक त्यांनी घेतली आणि ती बिनविरोध झाली. खोलीला पंखाही लागला. माझा मनमित्राचा बिल्ला मी काउन्सिलरला देऊ केला. ती म्हणाली, "ठेवा मॅडम, उपयोगी पडेल." अजून पडलेला नाही.

वार्षिक परीक्षेत भूमितीच्या पेपरला नववीच्या वर्गावर माझीच पाळी होती. मुलगी खिडकीजवळ बसली होती. अर्धा पेपर झाला असेल नसेल, तिने पेन खाली ठेवलं. तिचे ओठ पांढरे पडलेले मला फळ्यापासून दिसले. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले. तिने दोन्ही तळवे बाकावर पसरले, चपला काढून पाय फरशीला टेकवले. डोळे खिडकीबाहेर, आंब्यावर, मैदानावर, पाण्याच्या टाकीवर सावकाश फिरले. शेजारची मुलं लिहीत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मी वर्गात दुसरीकडे फेरी मारायला गेले, कारण तिला माझ्या बघण्याची गरज नव्हती. परत वळले तेव्हा ती कंपासपेटीतून कर्कटक काढत होती. शेवटची घंटा होईपर्यंत ती लिहीत होती. पुरवणीसुद्धा मागितली तिने.

फाटकाशी तिचा बाप कामावर न जाता उभा होता. त्याने तिला काही विचारलं नाही. मला विचारलं, "बाई, दहावीची पुस्तकं शालेतूनच भेटतात का भायेरनं घ्यावी लागतात?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच तावातावाने सुरू झाली. "बाई, ती शेवटची रचना पुस्तकात नव्हतीच! आणि एवढ्याशा जागेत वर्तुळ कुठं काढायचं? पेपर काढणाऱ्याला भूमिती येते तरी का?"

बाप खाली मान घालून हसला. ती मात्र एसटीच्या थांब्यापर्यंत पेपर काढणाऱ्याला नावं ठेवत गेली.